मुसलमान असून?

‘अरे वा, मुसलमान असून किती छान मराठी बोलतोस!’ अंधेरी-घाटकोपरकडच्या शाळांत दुसरी-तिसरीतल्या आपल्या पोरांना हे कौतुक अनेकदा ऐकावं लागतं. सगळा वर्ग वळून बघतो. पोर ओशाळतं, मान खाली घालतं. पुढच्या वेळी उत्तर येत असूनही हात वर करत नाही.

बाईंचा हेतू वाईट नसतो, मान्य. पण आजी रत्नागिरीची, घरात बोलणं मराठीतच. मग नवल कसलं? शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहीर अमर शेख मराठीतच गायले. २०२०च्या कायद्याने तर मराठी सगळ्याच शाळांत सक्तीची झाली.

पालकसभेत आपणच शांतपणे सांगावं: बाई, शाबासकी जरूर द्या, फक्त त्यातलं ‘मुसलमान असून’ तेवढं गाळा.