वेगाची मोजणी आणि माणसांची हजेरी

जळगाव-धुळे रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्यांच्या बोलण्यात अलीकडे एक तक्रार हटकून येते. पोलीस दिसला नाही, शिट्टी ऐकू आली नाही, आणि दंडाचा संदेश मात्र मोबाईलवर येऊन पडला. ही तक्रार करणाऱ्यांत पारोळ्याहून दुचाकीवर धुळ्याला कामाला जाणारा कामगार आहे, तसेच मोटारीतून फिरणारे व्यापारी आणि वकीलही आहेत. यांपैकी दुसऱ्या वर्गाला आता एकाएकी खाजगीपणाच्या हक्काचे स्मरण झाले आहे. पारध्यांच्या वस्तीवर मध्यरात्री झडती पडते तेव्हा हा हक्क त्यांना कधी आठवल्याचे ऐकिवात नाही. तरीही त्यांची तक्रार केवळ हसण्यावारी नेता येणार नाही. ती वेगळ्या ठिकाणी लावली पाहिजे, एवढेच.

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे मान्य करावयास हवी. सार्वजनिक रस्त्यावरचा वेग ही कोणाची खाजगी बाब नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार त्यांपैकी ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या सदरात मोडतात. मरणाऱ्यांत पादचारी, सायकलस्वार आणि दुचाकीस्वार यांचा भरणा मोठा असतो. जळगाव शहराच्या मधूनच राष्ट्रीय महामार्ग गेलेला आहे. आकाशवाणी चौक किंवा इच्छादेवी चौक ओलांडताना म्हाताऱ्या माणसाचा जीव कसा मुठीत येतो हे जळगावकरांना सांगावे लागत नाही, आणि समांतर रस्त्यांसाठी त्यांना किती वर्षे कंठशोष करावा लागला हेही ते विसरलेले नाहीत. अशा रस्त्यावर वेगाला मर्यादा घालणे आणि ती मोडणाऱ्यास दंड करणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. 'माझी गाडी, माझा वेग' हे स्वातंत्र्य नव्हे, ती मालकीची मस्ती होय.

परंतु कॅमेऱ्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा विचार कोणी करावयाचा? १५ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री धुळ्याहून रावेरकडे पपई घेऊन निघालेली मालमोटार यावल तालुक्यात किनगावजवळ उलटली आणि किमान १५ मजूर मालाखाली चिरडून मेले. मजूर मालावर बसून प्रवास का करतात? त्यांना वेगळे वाहन देणे मालाच्या हिशेबात बसत नाही म्हणून. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेरजवळ मध्य प्रदेशाकडून उतरत आलेला कंटेनर वाहनांना धडकत थेट हॉटेलात शिरला. किमान १० माणसे गेली. ब्रेक निकामी झाले, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. ब्रेक कोणी तपासले होते, गाडीला सुस्थितीचा दाखला कोणी दिला होता, चालक किती तासांपासून जागा होता, हे प्रश्न कोणत्याही भिंगातून दिसत नाहीत. ते मालकाच्या कचेरीत, दप्तरात आणि मजुरीच्या करारात शोधावे लागतात, आणि तिकडे शासनाचा डोळा सहसा वळत नाही.

मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा होता. दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा त्यात घातलेली होती; १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमाने तिचा पुनरुच्चार केला. मुंबई-आग्रा मार्गावरच्या धाब्यांवर कोणत्याही पहाटे चालकांशी बोलून पाहावे. या कायद्याचे नाव ऐकलेला माणूस विरळाच भेटेल. साठ वर्षांहून जुना हा कायदा राबवण्यासाठी एकही यंत्र बसवले गेले नाही. चालकाच्या हातून घडलेला वेग सेकंदाच्या भागापर्यंत मोजला जातो, पण तो वेग ज्या मुदतीने आणि भाड्याने त्याच्यावर लादला ती मात्र कोणी मोजत नाही. नव्या भारतीय न्याय संहितेत अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली गेली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभरच्या चालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि सरकारला ते कलम तूर्त बाजूला ठेवावे लागले. त्या संपाकडे पेट्रोल पंपावरच्या रांगांपलीकडे पाहण्याचे कष्ट वर्तमानपत्रांनी फारसे घेतले नाहीत.

दंडाचे अर्थशास्त्रही तपासण्याजोगे आहे. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी अतिवेगाच्या पहिल्या गुन्ह्याला ४०० रुपयांपर्यंत दंड होता. दुरुस्तीने तो हलक्या वाहनांसाठी १००० ते २००० आणि मध्यम व अवजड वाहनांसाठी २००० ते ४००० रुपये केला. महाराष्ट्राने वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू केले. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे मजुराच्या दृष्टीने १००० रुपये ही तीन दिवसांहून अधिकची कमाई झाली. आलिशान मोटारीच्या मालकाला मात्र ती एका जेवणाचे बिल वाटते. एकाला जरब बसते आणि दुसरा ती रक्कम वेगाने जाण्याचे शुल्क म्हणून भरून टाकतो. फिनलंडने १९२१ पासून दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारण्याची पद्धत घातली. २०२३ मध्ये तेथील एका धनिकाला वेगाबद्दल १,२१,००० युरो भरावे लागले. आपल्याकडे समान दंड म्हणजे समान न्याय अशी गोड समजूत आहे, आणि ती श्रीमंतांच्या सोयीची आहे.

आता खाजगीपणाचा प्रश्न. पाळत ठेवण्याची विद्या खानदेशाला नवीन नाही. इंग्रजांनी १८१८ नंतर हा मुलूख ताब्यात घेतला आणि १८२५ मध्ये धरणगावी ठाणे देऊन भिल्ल पलटण उभारली, ती भिल्लांकडूनच भिल्लांवर नजर ठेवण्यासाठी. पुढे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि कालांतराने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, भामटा, कैकाडी अशा जमातींतील माणसांना गुन्हा करण्यापूर्वीच गुन्हेगार ठरवून ठराविक वेळी हजेरी देण्याची सक्ती झाली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली. स्वतंत्र भारताला तो कायदा रद्द करावयास ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. मुंबई राज्याने तर १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा नवा कायदा करून जुन्या सवयीला आसरा दिला. जमात गेली आणि तिच्या जागी व्यक्ती आली, परंतु वहीत नाव राहिले ते राहिलेच.

आजची यंत्रणा या वहीहून निराळी आहे, असे सांगितले जाते. पूर्वी संशयिताची हजेरी घेतली जात असे, आता सर्वांचीच घेतली जाते, हाच तो निराळेपणा. नंबरपाटी वाचणारा कॅमेरा केवळ वेगवान गाडीची पाटी वाचत नाही. समोरून जाणारी प्रत्येक पाटी त्याला वाचावीच लागते. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाल्याने लळिंग, सोनगीर, शिरपूर, नशिराबाद येथील नाक्यांवरून कोणती मोटार कधी गेली याची नोंद आपोआप होते. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम केला. निरीक्षणाखालील टप्प्याआधी ठळक सूचनाफलक असावा, गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत जावी, यंत्राला दरवर्षी नव्याने प्रमाणपत्र घ्यावे, अशा काही चांगल्या गोष्टी त्यात होत्या. हे यंत्र कोठे असावे, यासाठी जी शहरांची यादी त्यात दिली तीत जळगावचे नाव आहे. दंडाचा निकाल लागेपर्यंत चित्र जपावे, असेही तो सांगतो. परंतु ज्याने काहीच केले नाही, त्याच्या गाडीचे चित्र किती दिवसांनी पुसावे याबद्दल त्या नियमात शब्द नाही.

'ज्याने काही केले नाही त्याला भीती कसली?' असे अधिकारी विचारतात. उत्तर त्यांच्याच खात्याच्या इतिहासात आहे. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने वाहन नोंदणी आणि चालक परवान्यांची माहिती घाऊक विकण्याचे धोरण जाहीर केले. व्यापारी संस्थेसाठी वर्षाला ३ कोटी रुपये असा भावही ठरवला. ८७ खाजगी कंपन्यांना आणि ३२ सरकारी संस्थांना माहिती दिली गेली, त्यातून ६५ कोटी मिळाले, असे जुलै २०१९ मध्ये मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले. २०२० मध्ये धोरण गुंडाळावे लागले. नागरिकाने कायद्याच्या सक्तीने सरकारला दिलेली माहिती सरकारनेच बाजारात मांडली, आणि तिच्या मालकांना कोणी विचारलेही नाही. राजकीय बाजूही विसरण्याजोगी नाही. जून १९७५ मध्ये रातोरात झालेल्या अटका पूर्वी तयार असलेल्या याद्यांवरूनच झाल्या होत्या, आणि त्या याद्यांत समाजवादी कार्यकर्त्यांची नावे कमी नव्हती. त्या काळी यादी करण्यासाठी हवालदाराला सभेच्या कोपऱ्यात ताटकळत उभे राहावे लागे.

न्यायालयांची वाटचालही संथच झाली. १९६२ मध्ये खरकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या मध्यरात्रीच्या घरभेटी बेकायदा ठरवल्या, पण हालचालींवरची पाळत चालू दिली. न्यायमूर्ती सुब्बाराव यांचे मत त्या वेळी अल्पमतात राहिले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. त्यात हस्तक्षेप करावयाचा तर कायद्याचा आधार हवा, हेतू वाजवी हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. पुढे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. पण त्याच्या १७ व्या कलमाने केंद्र सरकारला आपल्या हव्या त्या यंत्रणेस सुरक्षा आणि सुव्यवस्थेच्या नावाखाली सूट देता येते. ज्याच्यापासून संरक्षण हवे, त्याच्याच हाती कुलूप आणि किल्ली!

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी या प्रश्नावर मोटारमालकांच्या रडगाण्यात सूर मिसळू नये, तसेच पोलिसांच्या यंत्रप्रेमाने दिपूनही जाऊ नये. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील रस्ता सुरक्षा समित्या जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. त्यांच्यासमोर लेखी मागण्या ठेवाव्यात: निर्दोष वाहनांच्या नोंदी ठराविक दिवसांत पुसाव्यात, त्या नोंदी कोणत्या खात्यांना आणि कोणत्या ठेकेदाराला पाहता येतात ते जाहीर करावे, आणि परिवहन कामगारांच्या कामाच्या तासांची तपासणी करून तिचे निष्कर्ष दर तिमाहीला मांडावेत. तरसोद ते फागणे या टप्प्याचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रखडले, त्याबद्दल ठेकेदाराला किती दंड झाला आणि तो वसूल झाला काय, हाही प्रश्न त्याच कागदावर घालावा. उत्तर न आल्यास माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. तो प्रत्येक तालुक्यातून जावा, आणि आलेली उत्तरे चालकांच्या व हमालांच्या संघटनांच्या सभांत वाचून दाखवावीत.