बुरशी आणि ओल

पावसाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की घराघरांत एक परिचित दृश्य दिसू लागते. कपाटातील चामड्याच्या चपलेवर पांढरी लव येते, पुस्तकांना कुबट वास सुटतो, मोरीलगतच्या भिंतीवर काळे ठिपके उमटतात. ‘बुरशी आली’ असे म्हणून घरातील माणसे फडके हाती घेतात. जणू ती कोठून तरी चालून आलेली असते! वस्तुतः बुरशी येत नाही, ती असतेच. तिचे अतिसूक्ष्म बीजाणू हवेत, मातीत आणि घरातील धुळीत बाराही महिने असतात. ओल आणि अन्न मिळताच ते रुजतात. म्हणून बुरशीवर रागावण्यापूर्वी तिला ओळखणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

दीर्घकाळ बुरशीची गणना वनस्पतींमध्ये होत असे. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर या शास्त्रज्ञाने सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली आणि त्यांत कवकांना, म्हणजेच बुरशी, अळंबी, यीस्ट यांच्या कुळाला, स्वतंत्र स्थान दिले. कवकांमध्ये हरितद्रव्य नसते, त्यामुळे ती स्वतःचे अन्न तयार करू शकत नाहीत. ती पाचकरस बाहेर सोडतात, अन्नाचे तेथेच विघटन करतात आणि विरघळलेले अंश शोषून घेतात. जमिनीवर दिसणारी अळंबीची छत्री हे केवळ तिचे फळ होय; खरे शरीर म्हणजे माती किंवा लाकडात पसरलेले बारीक तंतूंचे जाळे. आजवर सुमारे दीड लाख जातींना शास्त्रीय नावे मिळाली आहेत. २०१७ मधील एका अंदाजानुसार प्रत्यक्षातील जाती २२ ते ३८ लाख असाव्यात. याचा अर्थ असा की, या सृष्टीचा फार मोठा भाग मनुष्याला अद्याप अपरिचित आहे.

अरण्यात या सृष्टीचे कार्य किती मोलाचे आहे! लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन हे द्रव्य फार थोड्या सजीवांना पचते. काही कवके ते लीलया पचवतात. ती नसती तर पडलेले वृक्ष आणि पालापाचोळा यांचे ढीग साचत गेले असते आणि त्यांतील पोषकद्रव्ये मातीला सहजासहजी परत मिळाली नसती. बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांशी कवकांचे सख्य असते: कवक मातीतील पाणी व स्फुरद आणून देते आणि झाड त्याला शर्करा पुरवते. कोकणात आणि गोव्यात पावसाच्या आरंभी वारुळांवर उगवणारी अळंबी तर वाळवीच्या शेतीतून येते. वाळवी आपल्या वारुळात हे कवक जोपासते आणि त्याच्या साहाय्याने पालापाचोळा पचवते. मनुष्याला मात्र ही अळंबी अद्याप शेतात पिकवता आलेली नाही. म्हणूनच हावेपोटी वारूळ खणणारा माणूस पुढील वर्षीची अळंबीही गमावून बसतो.

आता घराकडे वळावे. रानात पडलेला ओंडका आणि घरातील भिजलेली चौकट यांत बुरशी भेद करीत नाही. ती दोन्हीकडे एकच काम करते. मग दोष कोणाचा? गळके छप्पर, फुटका नळ, वारा न येणारी खोली, ओल्या भिंतीवर चढवलेला नवा रंग, हे सारे मनुष्याचेच कर्तृत्व आहे. बुरशी केवळ त्याची साक्ष देते. साक्षीदाराला पुसून टाकल्याने अपराध मिटत नाही; भिंत ओली राहिली तर ठिपके पुन्हा उमटतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांचा श्वसनविकार आणि दमा यांच्याशी असलेला संबंध स्पष्टपणे नोंदवला. अशा ओलसर खोल्या बहुधा ज्यांना दुसरी जागा परवडत नाही, त्यांच्याच वाट्याला येतात. तेव्हा कोरडी भिंत ही चैन नव्हे; ती आरोग्याची गरज आहे.

बुरशी निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नव्हे. ओलसर जागी साठवलेल्या शेंगदाण्यावर आणि मक्यावर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करतात. ते यकृताला घातक असून घरगुती शिजवण्या-भाजण्याने पुरते नष्ट होत नाही. असे दाणे निवडून, धुऊन वापरणे ही काटकसर नव्हे. रानातील अनोळखी अळंबी खाणे हेही प्राणावर बेतू शकते. विषारी अळंबी ओळखण्याची कोणतीही खात्रीची घरगुती खूण नाही.

तथापि सावधगिरी वेगळी आणि भीती वेगळी. २०२१ मध्ये करोनाच्या साथीत ‘काळ्या बुरशी’चा आजार पसरला, तेव्हा कांद्यावरील काळ्या डागांमुळे तो होतो अशी अफवा उठली. कांद्यावरील बुरशी निराळी होती. आजाराचे बीजाणू तर माती आणि कुजणाऱ्या पदार्थांत पूर्वीपासूनच होते. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड औषधांचा अतिरेक यांनी शरीराचे संरक्षण दुबळे केले, तेव्हा त्यांना वाट मिळाली. लोक कांदे फेकत राहिले. रक्तातील साखरेकडे लक्ष देणे अधिक निकडीचे होते.

१९२८ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेत अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत अशीच एक नको असलेली बुरशी उगवली. बशी धुऊन टाकण्यापूर्वी त्यांनी ती निरखून पाहिली. बुरशीभोवतीचे जंतू नष्ट झाले होते. त्या निरीक्षणातून पेनिसिलिन हाती आले आणि असंख्य प्राण वाचले. लिंबावर येणारी हिरवी बुरशी त्याच प्रजातीतील आहे. ते लिंबू अर्थातच टाकून द्यावे. परंतु टाकण्यापूर्वी ओल कोठून आली, एवढा विचार करावा. अरण्यातील ओल राखणे आणि घरातील ओल दूर करणे ही दोन्ही कर्तव्ये मनुष्याचीच आहेत. बुरशी आपले काम चोख करीतच असते.