पाण्याखालच्या श्वासात काटकसर नको

पंक्चरच्या दुकानातला टायरमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर आणि पाणबुड्याला श्वासाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर, दोघांचे मूळ काम एकच : हवा दाबणे. त्यामुळे जुनी मोटर, रंगफवारणीचा पंप आणि प्लॅस्टिकची नळी जोडून घरीच असे यंत्र बनवण्याचा मोह हौशी पाणबुड्यांना होतो. फिलिपिन्समध्ये तर हा पोटाचा प्रश्न आहे. तेथील ‘पा-आलिंग’ पद्धतीचे मच्छीमार बोटीवरच्या कॉम्प्रेसरला जोडलेल्या लांब नळ्या तोंडात धरून खोल समुद्रात उतरतात. यंत्र चालते, हवा येते. मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी की, टायरला श्वास घ्यायचा नसतो. वारा फिरला आणि इंजिनाचा धूर कॉम्प्रेसरच्या हवा ओढणाऱ्या तोंडाशी आला, की धुरातला कार्बन मोनॉक्साइड थेट पाणबुड्याच्या नळीत जातो. विजेची मोटर लावली तरी पूर्ण सुटका नाही. यंत्र फार तापले तर आतले वंगणतेल जळून हाच वायू तयार होऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. तेलाचे सूक्ष्म थेंब फुप्फुसात गेले तर तिथे सूज येते, ते वेगळेच.

खोली हा धोका आणखी वाढवते. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे जमिनीवर जेमतेम सोसवणारी दूषित हवा ३० मीटर खोलीवर चौपट जोराने बाधते. त्यात वाढलेल्या दाबामुळे रक्तात जादा ऑक्सिजन विरघळतो आणि तळाशी असेपर्यंत त्रास झाकला जातो. वर येताना दाब घटतो, तो आधार जातो आणि शुद्ध हरपते. पाण्यात शुद्ध हरपणे म्हणजे बुडणे.

जो किनाऱ्याला लागतो, त्याची डोकेदुखी आणि मळमळ ‘बोट लागली’ म्हणून सोडून दिली जाते. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला वेगळे ओळखता येत नाही, म्हणून तो निर्धास्तपणे ९८ दाखवू शकतो. अशा रुग्णाला ताबडतोब शुद्ध ऑक्सिजन लावून रुग्णालयात नेणे आणि रक्ताची खास तपासणी करणे हाच मार्ग.

‘इतकी वर्षे वापरतोय, काही झाले नाही’ हा नेहमीचा युक्तिवाद. पण कालची हवा चांगली होती म्हणून आजची चांगली ठरत नाही. वारा बदलतो, यंत्र झिजते, फिल्टर संपतो. श्वासाच्या हवेसाठीचे युरोपीय मानक, ईएन १२०२१, कार्बन मोनॉक्साइडला दहा लाख भागांत फक्त ५ भागांची मुभा देते. हे नाकाने कळत नाही, मोजावेच लागते. कारागिरी कितीही चोख असो, दाब घरी तयार करता येतो, शुद्धतेची खात्री मात्र तपासणीशिवाय मिळत नाही. मोजणीचे उपकरण आणि वेळेवर बदललेला फिल्टर यांचा खर्च परवडत नसेल, तर ते यंत्र श्वासासाठी वापरूच नये.

गरीब मच्छीमाराला हे सांगून भागणार नाही. नुसती बंदी घातली तर तीच नळी चोरून वापरली जाईल. गावागावांत सहकारी तत्त्वावर एक तपासलेला कॉम्प्रेसर आणि तो सांभाळणारा प्रशिक्षित माणूस मिळाला, तर जीव वाचतील.

आणि मालवण-तारकर्लीला हौसेने स्कूबा करायला जाणाऱ्यांनी बुकिंग करताना दराबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : ही हवा शेवटची कधी तपासली? उत्तर टाळले गेले, तर समुद्र काठावरूनही सुंदर दिसतो.