आठाचा झाला शून्य!

वर्क फ्रॉम होम म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बर्म्युडा, कॉफीचा मग आणि मांडीवर लॅपटॉप? लकी आहात! माझ्या डोळ्यांसमोर येतो प्रिंटर. तोही लाल दिवा लुकलुकवणारा.

२०२२ साली वाळूजमधली नोकरी सोडली आणि उस्मानपुऱ्यातल्या घरूनच छोट्या कारखान्यांचे हिशेब, जीएसटी वगैरे बघायला लागलो. ऑफिस म्हणजे हॉलचा एक कोपरा. टेबल, खुर्ची, इन्व्हर्टर आणि एक ऑल-इन-वन इंकजेट. प्रिंट, स्कॅन, झेरॉक्स, सगळं एकाच डब्यात. दुकानातला सगळ्यात स्वस्त डबा उचलला होता. बॉस, तिथेच फसलो!

पुढच्या मे महिन्यात दहा दिवस गावाला जाऊन आलो. आपल्या संभाजीनगरचा मे तुम्हाला माहीत आहेच. पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडीठाक. आल्या आल्या चिकलठाण्याच्या एका क्लायंटची बँकेची फाइल द्यायची होती. कर्जाची मर्यादा वाढवून हवी होती त्यांना. प्रिंट दिली, तर प्रत्येक पानावर पांढऱ्या आडव्या रेघा. ‘हेड क्लीनिंग’चं बटण तीनदा दाबलं. मशीन घुर्रघुर्र करत बसलं, रेघा थोड्या कमी झाल्या आणि शाई मात्र तळाला गेली. घाई होती. म्हटलं, चालतंय की! दिली फाइल पाठवून.

दुसऱ्या दिवशी फोन. बँकेतल्या साहेबांनी ताळेबंद परत पाठवला होता. इंग्रजी आठाच्या बरोबर कमरेतून पांढरी रेघ गेली, की त्याचा शून्य दिसतो. बेरीज जुळेना! क्लायंट चिडले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, “सर, तुम्ही घरूनच काम करता ना? नाही, आपलं सहज विचारलं.”

ते ‘सहज’ फार लागलं हो. ऑफिसात प्रिंटर बिघडला तर मशीनचा दोष. घरी बिघडला तर तुमचा!

शेवटी इंजिनिअरिंग कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्या भाईंकडे पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. त्यांनी सगळी कथा ऐकली आणि पानं मोजता मोजता म्हणाले, “मियाँ, इंकजेट को भूका नको रखो. रोज थोडा थोडा चलाते रहने का.”

एका वाक्यात अख्खा फंडा! इंकजेट वापरून जेवढा बिघडत नाही, तेवढा पडून राहून बिघडतो. त्याच्या हेडमध्ये केसाहूनही बारीक छिद्रं असतात. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये शाई क्षणभर तापवून बुडबुडा करतात आणि त्याच्या धक्क्याने थेंब बाहेर पडतो. कॅनन आणि एचपीची ही पद्धत. एप्सन आणि ब्रदरमध्ये वीज दिली की वाकणारा एक स्फटिक शाईला ढकलतो. पद्धत कुठलीही असो, छिद्रात शाई वाळली की खेळ खल्लास.

मग नवीन मशीन घेताना मी आधी माझीच उलटतपासणी घेतली. तुम्हीही घ्या.

पहिला प्रश्न, महिन्याला पानं किती? दहा-वीसच असतील तर सरळ कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला गाठा. खरंच! फक्त काळी पानं आणि तीही अधूनमधून लागत असतील, तर साधा लेझर बघा. त्याची पावडर वाळत नाही. पण लेझर छापताना शेकडो वॅट वीज ओढतो, छोटा यूपीएस लगेच कुईकुई करतो. इंकजेटला बल्बएवढी वीज पुरते. लाइट गेल्यावरही काम काढायचं असेल, तर हा मुद्दा छोटा नाही.

दुसरा, एक पान कितीला पडतं? मशीनची किंमत विसरा, शाईची विचारा. समजा आठशे रुपयांच्या कार्ट्रिजमध्ये चारशे पानं निघाली, तर पानाला दोन रुपये. चारशेच्या बाटलीत चार हजार निघाली, तर दहा पैसे! एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात पहिल्यांदा टाकीवाला प्रिंटर आणला, तो यामुळेच. लोक स्वतःच प्रिंटरला नळ्या आणि बाटल्या जोडून बाहेरची शाई भरत होते, मग कंपनीनेच टाकी दिली. त्यांच्या ००३ नंबरच्या काळ्या बाटलीत ६५ मिली शाई असते आणि कंपनीच्या हिशेबाने सुमारे ४,५०० पानं निघतात. हा हिशेब ठरावीक नमुना पानांवरचा असतो. तुमची पानं रंगीत, भरगच्च असतील तर आकडा खाली येणारच.

तिसरा, हेड कुठे आहे? हा प्रश्न दुकानात विचारलात तर सेल्समन सावरून बसेल. स्वस्त कार्ट्रिजवाल्या मशीनमध्ये हेड बहुतेक वेळा कार्ट्रिजमध्येच असतं. चोंदलं तर नवीन कार्ट्रिज घाला, विषय संपला. कॅननच्या जी-सिरीजमध्ये आणि एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये हेड घरी बदलता येतं. एप्सनमध्ये ते मशीनमध्येच पक्कं बसवलेलं असतं, टिकायला दणकट. पण चोंदलं तर सर्व्हिस सेंटरची पायरी. म्हणून ते शहरात कुठे आहे, माणूस घरी येतो की मशीन आपण न्यायचं, हे बिल करायच्या आधी विचारा.

चौथा, शाई कुठल्या जातीची? पाण्यात विरघळणाऱ्या शाईवर ओला हात लागला की सही-शिक्क्याच्या कागदाची रांगोळी होते. काही टँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची असते, ती पाण्याला सहसा दाद देत नाही. करारनामे, अर्ज वगैरे छापणाऱ्यांनी हे बघाच.

पाचवा, स्कॅनवर कागद आपोआप ओढणारा ट्रे आहे का? चाळीस पानांची फाइल एकेक पान काचेवर ठेवून, झाकण उघड-बंद करत स्कॅन करून बघा. योगासनांच्या क्लासची फी वाचेल!

मी शेवटी टँकवालाच घेतला, काळी पिगमेंट शाई आणि घरी बदलता येणारं हेड बघून. पहिल्या मशीनच्या दुप्पट पैसे गेले. घरच्यांनी भुवया उंचावल्या. पण आता दर रविवारी सकाळी, चहा उकळेपर्यंत, एक रंगीत पान छापतो. कधी किराण्याची यादी, कधी पुतणीला रंगवायला हत्ती. गावाला जाताना शेजारच्या काकूंकडे किल्ली असते. झाडांना पाणी आणि प्रिंटरला एक पान!

अजून दोन सवयी लावून घेतल्या. मशीन नेहमी त्याच्याच बटणाने बंद करायचं, भिंतीवरच्या स्विचने कधीच नाही. बटण दाबलं की हेड आपल्या जागी जाऊन टोपी घालून झोपतं. मध्येच वीज तोडली तर बिचारं उघडंच राहतं आणि वाळतं. दुसरी सवय पावसाळ्यातली. कागदाचं रीम उघडलं की उरलेलं पिशवीत बांधून ठेवायचं. दमट कागद वाकडा होतो आणि आत अडकतो, तोही नेमका शेवटच्या तारखेला.

आणि हो, फाइल देण्याआधी आता प्रत्येक पानावरचे आठ मोजतो. कंबर जागेवर आहे ना, बघतो.

ते चिकलठाण्याचे क्लायंट? अजून आहेत. मध्ये एकदा घरी आले, चहा घेतला, कोपऱ्यातलं मशीन न्याहाळलं आणि म्हणाले, “सर, आमच्या ऑफिसलाही असाच घ्यायचाय. कुठला घेऊ?”

मी म्हटलं, “आधी सांगा, महिन्याला पानं किती?”