टोळी कुणाची, म्होरक्या कोण?

दिवाळीची सुट्टी लागली की महाराष्ट्रातल्या पोरांचे हात कोपरापर्यंत चिखलात जातात. दगडविटा रचून, वर गोणपाट टाकून, माती लिंपून अंगणात किल्ला उभा राहतो. हळीव पेरून हिरवळ उगवते. बाजारातून आणलेले मातीचे मावळे बुरुजाबुरुजावर चढतात आणि सगळ्यांत वर सिंहासनावर महाराज. पण एवढी जय्यत तयारी होऊन लढाई काही होत नाही! मावळे आपले जिथल्या तिथे. सुट्टी संपते, किल्ला मोडतो आणि मंडळी बुटांच्या जुन्या खोक्यात जाऊन बसतात ती थेट पुढच्या वर्षापर्यंत.

हेच मावळे चालू लागले तर? नेमका हाच प्रश्न एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाला पडला होता. तोच तो, ‘टाइम मशीन’वाला. १९१३ साली त्यानं ‘लिट्ल वॉर्स’ नावाचं छोटंसं पुस्तकच लिहिलं. घरातल्या जमिनीवर खेळण्यातले शिपाई मांडायचे, कुणी किती चालायचं ते मोजून ठरवायचं आणि खेळण्यातल्या तोफेनं खरोखरचा नेम धरून समोरच्याचे शिपाई पाडायचे. चांगला सत्तेचाळिशीच्या आसपासचा, जगभर नाव झालेला हा गृहस्थ गुडघ्यांवर रांगत ही युद्धं लढायचा.

त्या खेळाची नातवंडं-पतवंडं इंग्लंडात भलतीच भरभराटीला आली आहेत. ‘गेम्स वर्कशॉप’ ही कंपनी १९७५ साली लंडनमध्ये तीन मित्रांनी सुरू केली. आता तिचं ठाणं नॉटिंगहॅमला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ती लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या यादीत जाऊन बसली. बोटभर उंचीचे शिपाई विकून!

या कंपनीच्या मोठ्या खेळांत टेबलावर शेकड्यानं सैन्य उतरतं. ते रंगवता रंगवता वर्ष जातं आणि बापाचा खिसाही रिकामा होतो. पण १९९९ साली तिनं एक छोटेखानी खेळ काढला, ‘मॉर्डहाइम’. यात सैन्य नाही, टोळी. दहा-पंधरा जण, फार तर वीस. लढाई नव्हे, चकमक. फिनलंडचा टुओमास पिरिनेन हा त्याचा मुख्य रचनाकार. कंपनीनं या खेळाची छपाई थांबवून बरीच वर्षं झाली, तरी त्याचे चाहते तो अजून खेळतात, नवनव्या टोळ्या रचतात, आणि दोन खेळाडू भेटले की तासन्‌तास वाद घालतात तो एकाच विषयावर : टोळी कोणती घ्यावी, आणि म्होरक्या कसा असावा?

गोष्ट अशी. मॉर्डहाइम हे एका काल्पनिक साम्राज्यातलं श्रीमंत, माजलेलं शहर. आकाशातून धूमकेतू कोसळतो आणि शहराची राख होते. मागं उरतात पडक्या इमारती आणि ढिगाऱ्यांत विखुरलेले जादुई खडे. खडा विकला की सोनं मिळतं. साम्राज्याच्या गादीवर सम्राट नाही, दावेदार मात्र अनेक. साहजिकच जो तो आपली टोळी या उद्ध्वस्त शहरात घुसवतो. खेळाडूच्या हाती सुरुवातीला ५०० मोहरा. त्यात माणसं घ्यायची, तलवारी घ्यायच्या, धनुष्यं घ्यायची. पैसा पुरत नाही, हे वेगळं सांगायला नको. कोणत्याही गृहिणीला महिन्याच्या अखेरीचा हा हिशेब पाठ असतो.

टोळ्या तरी किती तऱ्हेच्या! भाडोत्री सैनिकांचेच तीन प्रकार. राइकलँडचे लोक शिस्तीचे, त्यांचे नेमबाज इतरांपेक्षा सरस. मिडनहाइमचे धिप्पाड, त्यांचा कप्तान आणि त्याचे दोन बिनीचे वीर जन्मजातच जास्त ताकदीचे. मारियनबुर्ग हे व्यापाऱ्यांचं बंदर, त्यामुळे त्यांच्या गाठीला ५०० ऐवजी ६०० मोहरा. मग चेटूक करणाऱ्यांना हुडकून जाळणारे शिकारी; त्यांची टोळी बाराच्या वर जात नाही. देवाची सेवा म्हणून हे शापित खडे गोळा करून कुलूपबंद करणाऱ्या जोगिणींची एक टोळी, सगळ्या बायका, हातात घण. त्या धनुष्य वापरत नाहीत, पण गोफण चालवतात आणि ती अशी चालवतात की समोरचा डोकं वर काढत नाही. सैतानाची भक्ती करणारे आहेत, प्रेतांना उठवून लढवणारे आहेत आणि दोन पायांवर चालणारे माणसाएवढे उंदीरही आहेत. हे उंदीर दिसायला किळसवाणे, पण पोरांचे फार लाडके. माणूस एका खेपेला चार इंच चालतो, उंदीर पाच-सहा. शिवाय इतरांची टोळी बहुधा पंधराला थांबते, उंदरांची वीसपर्यंत जाते.

मग घ्यावेत की उंदीरच! वेगही आहे, संख्याही आहे. इथंच या खेळाची खरी गोम लपलेली आहे.

खेळातल्या प्रत्येक पात्राला अंगच्या गुणांचे आकडे असतात. ताकद, नेम, चपळाई वगैरे. त्यातला एक आकडा असतो ‘लीडरशिप’चा. टोळीतले पाव गडी पडले की प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला खेळाडूनं दोन फासे टाकायचे. बेरीज म्होरक्याच्या या आकड्याइतकी किंवा कमी आली तर टोळी तग धरते. जास्त आली की दाणादाण! सगळे पळत सुटतात आणि डाव हातचा जातो, मग टेबलावर तुमची माणसं जास्त का असेनात.

आता थोडं गणित. माणसांच्या कप्तानाचा आकडा ८. दोन फाशांची बेरीज आठ किंवा कमी येण्याची शक्यता ७२ टक्के. उंदरांच्या म्होरक्याचा आकडा ७, म्हणजे ५८ टक्के. एका आकड्याचा फरक, पण चारात एकदा पळणारी टोळी आणि जवळजवळ दर दोन-अडीच वेळांना एकदा पळणारी टोळी, असा तो पडतो. उंदरांची संख्या त्यांना वाचवते ती एवढ्यापुरतीच की विसातले पाच पडेपर्यंत फासे टाकायची पाळी येत नाही. बारा जणांच्या टोळीवर ती तिसरा पडताच येते.

आणि म्होरक्याच पडला तर? मग उरलेल्यांतल्या सगळ्यांत धीराच्या माणसाचा आकडा धरायचा. कप्तानाच्या हाताखालच्या वीराचा असतो ७, आणि नुकतं मिसरूड फुटलेल्या उमेदवाराचा ६. सहावर आलं की शक्यता ४२ टक्के. म्हणजे पळण्याचीच जास्त.

एवढं समजलं की नवशिक्याची पहिली चूक लगेच लक्षात येते. नवा खेळाडू म्होरक्याला सगळ्यांत भारी चिलखत घालतो, दोन हातांत दोन तलवारी देतो आणि पहिल्याच फेरीत त्याला सगळ्यांच्या पुढं पळवतो. सिनेमातला हिरो नाही का, एकटाच दहा जणांना लोळवतो! दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कुणीतरी खिडकीआडून बाण मारतो, हिरो आडवा होतो आणि पाठोपाठ टोळी शेपूट घालते.

मुरलेला खेळाडू उलटं करतो. नियमाप्रमाणे म्होरक्याच्या सहा इंचांच्या आत जे गडी असतील, त्यांना त्याच्या धीराचा आधार मिळतो. समोर भुताखेतांसारखं काही आलं की साधा गडी आपल्या आकड्यावर नव्हे, म्होरक्याच्या आकड्यावर फासे टाकतो. म्हणून मुरलेला माणूस म्होरक्याला घोळक्याच्या मधोमध ठेवतो. अगदी मागं नाही, कारण मग आधार पुढच्यांपर्यंत पोचत नाही. अगदी पुढंही नाही. राइकलँडच्या कप्तानाचा आवाज म्हणे लांब जातो. त्याचा आधार सहाऐवजी बारा इंचांपर्यंत मिळतो. वरवर पाहता ही काही मोठी देणगी वाटत नाही. ताकद नाही, पैसा नाही. मोजपट्टीवरचे सहा इंच जास्त, एवढंच. पण पडक्या गल्लीबोळांत, एक गडी माडीवर, दुसरा भिंतीआड अशी पांगापांग झाल्यावर या सहा इंचांची किंमत कळते. पहिली टोळी निवडणाऱ्यानं बिनदिक्कत राइकलँडचे लोक घ्यावेत, ते यासाठीच. मारियनबुर्गच्या जादा शंभर मोहरा आकर्षक खऱ्या, पण त्या एकदाच मिळतात.

सगळ्यांत मोहात पाडणारा म्होरक्या मात्र प्रेतांच्या टोळीचा. रक्तपिपासू व्हॅम्पायर! किंमत ११० मोहरा, म्हणजे पाचशेतला पाचवा हिस्सा एकट्यावर गेला. इतर म्होरके एका घावात आडवे होऊ शकतात, याला दोन लागतात. तो कशालाच घाबरत नाही. पण त्याच्या हाताखाली कोण? पंधरा-पंधरा मोहरांची चालती प्रेतं. ती शंभर डाव खेळली तरी काही शिकत नाहीत, जिथं होती तिथंच राहतात. आणि व्हॅम्पायर कायमचा मेला तर सूत्रं प्रेतविद्या जाणणाऱ्या मांत्रिकाकडे जातात. तो ३५ मोहरांचा मांत्रिक काटकसर म्हणून घेतलाच नसेल, तर सगळी टोळीच विरून जाते. एकखांबी तंबूचं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

पोरानं ही असली टोळी निवडली की घरात कुरबुर होते. चांगले लोक सोडून भुतंच कशाला हवीत, असं आईला वाटणं स्वाभाविक आहे. पण गल्लीत चोर-पोलीस खेळताना चोर व्हायलाच झुंबड उडते, हे कुणी पाहिलेलं नाही? शिवाय या शहरात तसं धुतल्या तांदळासारखं कुणीच नाही. चेटकिणींना जाळत हिंडणारे शिकारी स्वतःला धर्माचे रखवालदार म्हणवतात. त्यांच्या वाटेला जाण्यापेक्षा प्रेतं परवडली, असंही वाटून जातं.

खेळाचा जीव ज्यात आहे तो भाग डाव संपल्यावर सुरू होतो. बुद्धिबळात पट आवरला की मेलेला राजा पुन्हा ताजातवाना. इथं तसं नाही. एकामागून एक डावांची मालिका चालते आणि टोळी तीच राहते. डावात पडलेल्या म्होरक्यासाठी पुन्हा दोन फासे टाकायचे, एक दशकाचा, एक एककाचा. ११ ते १५ आलं तर माणूस गेला. छत्तीसांत पाच वेळा. ४१ ते ५५ आलं तर ठणठणीत बरा. उरलेल्या आकड्यांवर कुणाचा एक डोळा जातो, कुणाचा पाय अधू होतो, कुणी शत्रूच्या कैदेत पडतो, कुणाला आखाड्यात झुंजायला विकतात. कुणाचा चेहरा इतका विद्रूप होतो की यापुढं त्यालाच पाहून लोक घाबरतात, म्हणजे तोटाच फायद्याचा! आणि एखाद्याच्या मनात, ज्यानं पाडलं त्याच्याबद्दल कायमचं वैर बसतं.

पाच-सहा डाव निभावलेला कप्तान अशा वेळी नुसता पुतळा राहत नाही. खेळाडूनं त्याला नाव दिलेलं असतं. डोळा गेला त्या रात्री बारीक ब्रशनं पुतळ्याच्या डोळ्यावर काळी पट्टी रंगवलेली असते. म्हणूनच नियमांतली एक तरतूद फार कसोटी पाहणारी आहे. पाव गडी पडल्यावर खेळाडू स्वतःहूनही माघार घेऊ शकतो. डाव हरायचा, पण माणसं वाचवायची. त्यातून एक व्यवहारही साधतो : डावानंतर खडे शोधायला जातात ती टोळीतली म्होरक्यासारखी खास मंडळी, आणि त्यातही फक्त न पडलेली. लवकर निघालेली टोळी म्हणूनच रिकाम्या हातानं परतत नाही. पण जिंकलेल्या म्होरक्याला अनुभवाचा एक गुण जादा मिळतो, आणि समोर मित्र दात काढत बसलेला असतो. आणखी एकच फेरी, असं म्हणत कितीतरी कप्तान गेले आहेत.

म्होरक्या गेला की बाजारातून दुसरा आणता येत नाही, ही आणखी एक मेख. व्हॅम्पायरसारखा अपवाद सोडला तर उरलेल्यांत ज्याचा धीराचा आकडा मोठा, तो गादीवर बसतो. बरोबरीचे दोघं असतील तर ज्याचा अनुभव जास्त तो. म्हणून शहाणे खेळाडू टोळी बांधतानाच दुसऱ्या फळीकडे बघतात. कप्तानाला सोन्यानं मढवण्यापेक्षा त्याच्या हाताखालच्या वीराला एक बरं शिरस्त्राण घ्यावं, हा सल्ला जुने लोक नव्यांना देतात. नवे तो ऐकत नाहीत.

पिरिनेन आता दुसऱ्या खेळाच्या नादात आहे; ‘ट्रेंच क्रूसेड’ नावाच्या त्याच्या नव्या खेळातही टोळ्या आहेत आणि म्होरकेही. पण मॉर्डहाइम घरी करून पाहायला महागडं सामान लागत नाही. जेवणाचं टेबल, चार फासे, शिंप्याची टेप, बिस्किटांच्या आणि बुटांच्या खोक्यांच्या पडक्या इमारती. टेपचे इंच मात्र नीट वाचा. अर्ध्या इंचावरून मैत्री तुटल्याची उदाहरणं आहेत. पुतळे विकतचेच हवेत असंही नाही. त्या बुटाच्या खोक्यातले मावळे खाली काढले तरी सुरुवात होते. फक्त महाराजांना यात ओढू नका, त्यांना सिंहासनावरच राहू द्या. उंदीर कुणी व्हायचं यावरून पहिल्याच संध्याकाळी भांडण होईल, तेवढं मिटवायला आजोबांना जवळ बसवा.