मागच्या सीटवरचा माणूस

बायकोने माझ्या गाडीवर मागे बसणं बंद केलंय हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले.

भांडण वगैरे काही नाही हो. आधी "आज साडी आहे, रिक्षाने येते" झालं. मग "तू हो पुढे, मला वाटेत भाजी घ्यायचीय" झालं. एका रविवारी धायरीला तिच्या मावशीकडे जायचं होतं. त्या दिवशी साडीही नव्हती आणि भाजीही नव्हती. मी किल्ली घेऊन उभा. तेव्हा कुठे म्हणाली, "अरे, तुझ्या गाडीवरून आले की दोन दिवस कंबर धरते. तुला पुढे कळत नाही."

आता मी पडलो पुणेकर. पहिल्यांदा रस्त्यांना शिव्या घातल्या. स्पीडब्रेकर कसा असावा याचं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे, दहा सेंटिमीटर उंच आणि चांगला ३.७ मीटर रुंद, म्हणजे पंचवीसच्या वेगाने गाडी अलगद वर जाऊन खाली यावी असा. आमच्या गल्लीतला ब्रेकर म्हणजे रस्त्यावर आडवा टाकलेला ओंडका! पण शिव्या घालून झाल्यावरही ब्रेकर तिथेच असतो आणि आपल्याला त्याच्यावरूनच जायचं असतं.

मग दुसरी पायरी. नाना पेठेत गेलो. गाडी दीडशे सीसीची, नऊ वर्षं जुनी, बासष्ट हजार किलोमीटर झालेली. दुकानदाराने सोनेरी डबा लावलेले गॅसचे शॉकअप दाखवले. किंमत अकरा हजार. दिसायला असे झकास की मी जवळजवळ घेतलेच होते. पण घेण्याआधी आमच्या मेकॅनिक मामांना फोन केला. ते म्हणाले, "साहेब, डबा हलवून बघा. पुष्कळदा तो नुसता शोभेचा असतो. आणि आधी गाडी घेऊन या, मग खर्चाचं बघू."

मामांनी पहिल्यांदा काय केलं असेल? टायरची हवा बघितली. पुढे-मागे चाळीस-चाळीस! पंपावरच्या पोराला मी कधी आकडा सांगितलाच नव्हता. गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलंय, पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि दोघांना ३२. नऊ वर्षं रोज बघतोय तो स्टिकर, वाचला मात्र त्या दिवशी. दगडासारखा कडक टायर सगळे खड्डे जसेच्या तसे वर पाठवतो. खर्च शून्य.

मग टेप काढली. गाडी मेन स्टँडवर घेतली की मागचं चाक अधांतरी राहतं. तेव्हा ॲक्सलपासून वरच्या पॅनलपर्यंत अंतर मोजलं. मग स्टँड काढून मी बसलो आणि परत मोजलं, गाडी तीन सेंटिमीटर दबली. मागे मामांचा पोरगा बसला तर सहा. मागच्या चाकाला वर-खाली व्हायला जागा असते सगळी दहा सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे खड्डा यायच्या आधीच निम्म्याहून जास्त जागा संपलेली! माणसं बसल्यावर साधारण एक तृतीयांश दबावी, असा ढोबळ हिशेब. मामांनी हुक पाना घेऊन शॉकअपची कॉलर दोन खाचा वर चढवली आणि एक सेंटिमीटर परत मिळालं. याने स्प्रिंग कडक होते असं मला वाटायचं. तसं नसतं. स्प्रिंग तीच राहते, गाडी फक्त थोडी वर उचलली जाते. याचाही खर्च शून्य.

खरं दुखणं पुढे होतं. सीट दाबून सोडली की गाडीने एकदा वर येऊन गप्प बसावं. माझी तीनदा नाचली. स्प्रिंगचं काम वजन झेलायचं आणि आतल्या तेलाचं काम त्या स्प्रिंगला आवरायचं. बारीक भोकांतून तेल ढकललं जातं आणि धक्क्याची ताकद उष्णतेत जिरते. ते आवरणारंच थकलं की स्प्रिंग मोकाट सुटते. मागचे शॉकअप सीलबंद, ते उघडून दुरुस्त होत नाहीत. पुढच्या फोर्कमधलं तेल मात्र बदलता येतं. ते काढलं तर काळपट पाणी निघालं, आणि एका पायात दुसऱ्यापेक्षा बरंच कमी, कारण ऑइल सील गळत होतं. नवं तेल मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं, दोन्ही पायांत मापाने सारखं. पुष्कळ ठिकाणी उरलेलं इंजिन ऑइल अंदाजाने ओततात, ते करू देऊ नका.

फोर्क ऑइल, सील, मागची कंपनीच्या मापाची नवी जोडी आणि मजुरी, सगळं साडेचार हजारांत बसलं. जास्त लांबीचे, दुसऱ्या मोठ्या गाडीचे शॉकअप बसवायचा मोह मलाही झाला होता. पण मागून गाडी उचलली की पुढच्या फोर्कचा कोन बदलतो, चेन आणि साइड स्टँडचं गणित बिघडतं. रोज भारी सामान घेऊन लांब जाणाऱ्याने जास्त कडक स्प्रिंगचे घ्यावेत, जरूर घ्यावेत, पण वजन मोजून आणि लांबी तीच ठेवून. रंग बघून नाही.

आता माझं म्हणणं. आपण गाडी घेताना विचारतो, "किती देते?" इंजिन ऑइल वेळेवर बदलतो, कारण नाही बदललं तर इंजिन बसेल. फोर्कमधल्या तेलाची कुणाला आठवण नसते, कारण ते संपलं तरी गाडी बंद पडत नाही. ती रोज एका केसाएवढी वाईट होते आणि आपल्याला सवय होत जाते. शॉकअप म्हणजे चैन, आराम, असंही आपण धरून चालतो. पण उडणारं चाक त्या क्षणी रस्त्यावर नसतं, आणि जे चाक रस्त्यावर नाही त्याला ब्रेक लावून उपयोग काय?

आणि सवय होते ती चालवणाऱ्याला. त्याला खड्डा दिसतो, तो हँडल घट्ट धरतो, फूटरेस्टवर जरा उठतो. मागचा माणूस बरोबर मागच्या चाकाच्या डोक्यावर बसलेला असतो आणि त्याला फक्त पुढच्याचं हेल्मेट दिसतं. आपल्या निष्काळजीपणाचं बिल तो भरतो, तेही न बोलता. किंवा रिक्षाला.

पुढच्या रविवारी आम्ही धायरीला गेलो. गाडीचं काम केलंय हे मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. वडगावच्या पुढे मागून आवाज आला, "तू हळू चालवायला लागलास का रे?"

मी हो म्हणालो. तेही थोडं खरं होतं.

असो. खर्च करायच्या आधी एक करून बघा. किल्ली दुसऱ्या कुणाला द्या आणि स्वतःच्या गाडीवर एकदा मागे बसून घरापासून ऑफिसपर्यंत जा.