घटीचा रकाना

मसाल्याचा छोटा कारखाना चालवणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनी हिशेबाचे नवे सॉफ्टवेअर घेतले आणि रोज संध्याकाळी साठा जुळेनासा झाला. शंभर किलो मिरची आत गेली की शंभर किलो तिखट बाहेर आलेच पाहिजे, असा संगणकाचा हट्ट. मिरची उन्हात घटते, देठ खुडताना घटते, डंकावर कुटताना घटते. काट्यावर बसणाऱ्या मावशींना या तिन्ही घटी तोंडपाठ होत्या. पण त्यांना विचारले कोणी? ऑपरेटर मुलगा खोट्या नोंदी करून आकडे जुळवत राहिला. शेवटी एका दुपारी मालक, तो मुलगा आणि मावशी पत्र्याच्या टेबलाभोवती बसले. मावशी बोलत गेल्या, मुलगा रकाने पाडत गेला.

‘आपल्याला यातले काही कळत नाही,’ असे म्हणणारे उद्योजक आज गावोगाव भेटतात. हे वाक्य ते खालच्या आवाजात बोलतात, आणि मग सगळा कारभार विकणाऱ्याच्या किंवा शिकलेल्या पुतण्याच्या हाती सोपवून मोकळे होतात. न कळण्यात कमीपणा काहीच नाही. नुकसान होते ते या सोपवून मोकळे होण्याने.

द्राक्षाचे उदाहरण घ्या. १९९१ साली महाराष्ट्रातल्या बागायतदारांच्या सहकारी संस्था ‘महाग्रेप्स’ म्हणून एकत्र आल्या. काढलेला घड काही तासांत थंड करायचा, साखळी न तुटू देता बोटीवर चढवायचा, हे एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले नव्हतेच. प्रीकूलिंगचे यंत्र बागायतदाराने बनवले नाही. पण घड केव्हा काढायचा, कसा धरायचा, हे यंत्रवाल्याला ठाऊक नव्हते. दोघांची गाठ पडली म्हणून माल परदेशी पोचला. २००६ पासून ‘ग्रेपनेट’ या ऑनलाइन नोंदव्यवस्थेवर प्लॉटवार नोंदणी आली आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येऊ लागला.

तरीही २०१० मध्ये युरोपात कंटेनर अडकले. घडात क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला होता. वाढ रोखणारे हे संजीवक बागांमधून उघडपणे वापरले जात होते, आणि आपल्या तपासणीच्या यादीत मात्र त्याचे नावच नव्हते. फवारणाऱ्याला वापर माहीत होता, प्रयोगशाळेजवळ यंत्र होते. यादी करताना दोघे एका बैठकीत नव्हते. त्या मोसमात कर्ज काढून बाग उभी केलेल्यांनी जे सोसले, ते आठवले की आजही पोटात कालवते. पुढे ते नाव यादीत आले.

म्हणून ‘कोणते ॲप घेऊ?’ या प्रश्नाआधी ‘कोणाकोणाला बसवू?’ हे ठरवायला हवे, असे आम्हाला मनापासून वाटते. धंदा जाणणारा, यंत्र जाणणारा आणि रोज हात चालवणारा, तिघेही हवेत. मालकाने कोडिंग शिकू नये, पण त्या बैठकीतून उठूनही जाऊ नये; न समजलेला शब्द तिथल्या तिथे विचारावा, चारदा विचारावा. तंत्रज्ञ ठेवणे एकट्याला परवडत नसेल, तर एकाच गल्लीतल्या चार कारखान्यांनी मिळून एक ठेवावा.

सरकारी आणि संघटनांच्या प्रशिक्षणवर्गांचे बोलावणे बहुतेक वेळा मालकालाच जाते. पुढच्या वर्गात काट्यावरच्या मावशींसाठीही खुर्ची असावी, आणि त्या दिवसाचा त्यांचा रोज कापला जाऊ नये.